वाचकांचे प्रश्न : 'पृथ्वी सपाट आहे' म्हणणाऱ्याला काय दाखवायचं?

प्रश्न : नववीच्या वर्गात दोघं-तिघं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून 'पृथ्वी सपाटच' म्हणून हट्ट धरतात. उपग्रहाचा फोटो दाखवला की म्हणतात, 'हा कॉम्प्युटरवर केलाय.' शाळेच्या पटांगणात काही करता येईल का? (शिक्षिका, निपाणी)

उत्तर : बाई, फोटो बाजूलाच ठेवा. दुसऱ्याने काढलेलं चित्र खरं माना, असा आग्रह धरला की वाद तिथेच अडकतो. त्यापेक्षा टेप मुलांच्या हातात द्या आणि सावली त्यांनाच मोजू द्या.

दिवस २० किंवा २१ मार्चचा घ्या. तेव्हा सूर्य विषुववृत्तावर असतो. जमिनीपासून टोकापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर भरेल अशी सरळ सळई उभी करा आणि दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. सळई एका अंशाने कलली तरी टोक पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. बहुतेक प्रयोग इथेच फसतात. जमीन सपाट आहे का, ते गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने तपासा.

दुपारी बाराची घंटा झाली म्हणजे सूर्य माथ्यावर, असं धरू नका. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि निपाणी ७४.४ वर आहे, म्हणून ३२ मिनिटं उशीर. मार्चमध्ये त्यात आणखी सात मिनिटं पडतात. १२.२० पासून १ वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. १२.३९ च्या आसपास सगळ्यांत आखूड सावली मिळेल. सावलीची कड धूसर दिसते, कारण सूर्य ठिपका नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरा. निपाणीत सावली २९.४ सेंटिमीटर यायला हवी, बेळगावात २८.४. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरच्या या दोन गावांतही एक सेंटिमीटरचा फरक पडतो, ही गोष्ट मुलांना जरूर करून बघायला लावा.

आता दुसरं ठिकाण. आपल्या भागात फौजेत मुलगा नाही अशी गावं थोडीच. अमृतसरचा रेखांश जवळपास आपल्याइतकाच आहे. त्या बाजूला कोणाचा दादा किंवा मामा असेल, तर त्यालाही त्याच दिवशी सळई उभी करायला सांगा. तिथे सावली ६१.६ सेंटिमीटर येईल. कोन काढायला त्रिकोणमितीची गरज नाही. कागदावर १० सेंटिमीटरची उभी रेघ आणि सावलीच्या दहाव्या भागाएवढी आडवी रेघ काढा, टोकं जोडा आणि वरचा कोन कोनमापकाने मोजा. निपाणीत १६.४ अंश, अमृतसरला ३१.६. फरक १५.२ अंश. दक्षिणोत्तर सरळ अंतर सुमारे १,६९० किलोमीटर. १५.२ अंशांना एवढं, तर ३६० अंशांना सुमारे ४०,००० किलोमीटर. ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये याच रीतीने पृथ्वीचा परीघ काढला होता. अमृतसरच्या मापात एक सेंटिमीटर चुकलं तर उत्तर हजारभर किलोमीटरने हुकेल, पण त्याने बिघडत नाही. चूक कुठून आली हे मुलांनी शोधावं.

प्रश्न : हा सावलीचा प्रयोग आम्ही घरी सांगितला. धाकटे चिरंजीव म्हणाले, 'सूर्य जवळ असला तर सपाट जमिनीवरही सावल्या वेगवेगळ्या पडतील.' मला उत्तर देता आलं नाही. (खानापूर)

उत्तर : चिरंजीवांचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करा. फक्त दोन ठिकाणच्या सावल्या वेगळ्या आहेत म्हणून पृथ्वी गोल, असं सिद्ध होत नाही. सपाटवाल्यांचं हेच सर्वांत भक्कम उत्तर असतं आणि बरेच लोक इथेच गप्प होतात.

पण त्यांचंच म्हणणं आकड्यांत मांडा. जमीन सपाट आणि सूर्य विषुववृत्तावर काही उंचीवर असेल, तर समरूप त्रिकोणाने उंची काढता येते. निपाणी विषुववृत्तापासून १,८२० किलोमीटर. १०० सेंटिमीटरच्या काठीला २९.४ सावली, म्हणजे सूर्य सुमारे ६,२०० किलोमीटर उंच. अमृतसर ३,५१० किलोमीटरवर, सावली ६१.६, सूर्य ५,७०० वर आला. आणखी उत्तरेला, ६० अक्षांशावरच्या ओस्लोत सावली १७३ सेंटिमीटर पडते, तिथून उंची ३,८५० भरते. एकाच दिवशी, भरदुपारी, एकाच सूर्याच्या तीन उंच्या! गोल पृथ्वीवर मात्र तिन्ही सावल्या एकाच हिशोबात बसतात. निपाणीच्या मापात एक सेंटिमीटर चुकलं तर उंची २०० किलोमीटरने बदलते, पण इथे तफावत ५०० ची आहे, म्हणून काळजीपूर्वक मोजलं तर भागतं. कन्याकुमारी आणि निपाणी अशी जोडी मात्र घेऊ नका. तिथली तफावत जेमतेम दीडशेची, मापाच्या चुकीतच बुडून जाईल.

दुसरी परीक्षा घराच्या भिंतीवर करता येते. सपाटवाल्यांच्या नकाशाप्रमाणे (उत्तर ध्रुव मध्यभागी) ६,२०० किलोमीटर उंचीवरचा सूर्य विषुवदिनी सूर्यास्ताच्या वेळी क्षितिजावर २५ अंश वर दिसायला हवा, मावळायलाच नको. आणि दूर गेल्यामुळे, मावळण्याच्या तासभर आधी तो दुपारच्या निम्मा दिसायला हवा. छोट्या आरशावर ५ मिलिमीटर भोकाचा कागद चिकटवा आणि १० मीटरवरच्या अंधाऱ्या भिंतीवर कवडसा पाडा. त्याची रुंदी साधारण ९ ते ९.५ सेंटिमीटर भरते, दुपारी आणि संध्याकाळीही. भिंत कवडशाला तिरकी असेल तर तो लांबुळका होतो, तेव्हा पांढरा पुठ्ठा कवडशाला काटकोनात धरूनच मोजा. सूर्याकडे थेट कोणीही बघायचं नाही, आणि आरशातही नाही.

प्रश्न : दुर्बिणीने पाहिलं की क्षितिजाआड बुडालेलं जहाज परत दिसतं, असं म्हणतात. खरं काय? (कारवार)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. लहान झाल्यामुळे न दिसणारं जहाज दुर्बिणीत दिसतं. क्षितिजाआड गेलेला भाग मात्र कितीही मोठ्या दुर्बिणीत येत नाही. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर असतं. दुर्बिणीत जहाजाचा तळ कापलेला दिसला की दुर्बीण घेऊन २० मीटर उंचीवर जा. क्षितिज १६ किलोमीटरवर सरकतं आणि तळ परत दिसतो. प्रतिमा थरथरत असेल किंवा उलटी-दुहेरी दिसत असेल, तर तो मृगजळाचा खेळ. ते निरीक्षण सोडून द्या. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो. १८३८ मध्ये इंग्लंडमधल्या एका सरळ कालव्यावर रोबोथम नावाच्या सपाटवाल्याने पाण्यालगत डोळा ठेवून 'पृथ्वी सपाट' असा निष्कर्ष काढला, तो यामुळेच फसला. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने त्याच कालव्यावर नजरेची रेषा पाण्यापासून चार मीटर वर घेतली, तेव्हा मधली खूण दोन्ही टोकांपेक्षा उंच दिसली.

प्रश्न : कालव्याच्या कामावर लेव्हल घेतो (जमिनीचे उंच-सखल फरक मोजतो). गोलाई आम्ही कधीच धरत नाही आणि पाणी बरोबर वाहतं. (हुक्केरी)

उत्तर : धरत नाही, कारण तुमची पद्धतच ती काढून टाकते. गोलाईमुळे १०० मीटरवर पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो, पण स्टाफवरची (उभ्या मोजपट्टीवरची) सर्वांत लहान खूणच ५ मिलिमीटरची. बॅकसाइट आणि फोरसाइट (मागचं आणि पुढचं वाचन) सारख्या अंतरावर ठेवलं की तोही दोन्हीकडून कटतो. एकाच बाजूला किलोमीटरभर लांब वाचन घ्या, ७.८ सेंटिमीटर चुकेल. त्यातला सातवा भाग हवेच्या वाकणुकीने कमी होतो.

प्रश्न : रात्री तपासता येईल असं काही? (कॉलेज विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : फेब्रुवारीच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य हा ठळक तारा सर्वांत उंच येतो. कोनमापकाच्या सरळ कडेला नळी चिकटवा आणि मध्यबिंदूतून दोरा-वजन सोडा. नळीतून तारा बघा, दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकेल तितका तारा वर. अगस्त्य आपल्याकडे २१ अंश वर असतो, अमृतसरला साडेपाच, आणि ३७ अक्षांशाच्या उत्तरेला तो उगवतच नाही. त्याच रात्री उत्तरेला ध्रुव मोजा: इथे १६ अंश, तिकडे ३२. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवावर नाही, म्हणून पाऊण अंशापर्यंतची चूक धरून चला. बेळगावात दिव्यांचा उजेड फार, तेव्हा गावाबाहेरचा, दक्षिणेला डोंगर नसलेला माळ निवडा.