मोठा ब्लॅकआउट झाला तर : गर्दीला घाबरायचं की पाचव्या तासाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे : संपूर्ण ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं सगळं जाळं, बसली आणि दिवसभर लाइट आली नाही, तर लोक सैरभैर होऊन लुटालूट करतील का? आणि त्यासाठी जनरेटर, महिनाभराचा साठा वगैरे करून ठेवावा का?

मी वीज उपकेंद्रात शिफ्ट ऑपरेटर म्हणून सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे काळोखाची दुसरी बाजू बरीच पाहिली आहे. माझ्या मते तुमची भीती खरी आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी बसली आहे.

आधी लुटालुटीचं बघू. न्यूयॉर्क शहर तीनदा मोठ्या अंधारात गेलं. ९ नोव्हेंबर १९६५ ला, ऐन घरी जायच्या वेळी, अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातला ओंटारिओ मिळून सुमारे ३ कोटी लोकांची वीज गेली. (मूळ कारण एका रिलेचं, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की लाइन बंद पाडणाऱ्या यंत्राचं, कमी ठेवलेलं सेटिंग. आमच्या धंद्यात रिलेला जेवढ्या शिव्या बसतात तेवढ्या कुणालाच बसत नाहीत.) भुयारी रेल्वेत सुमारे ८ लाख माणसं अडकली. तरी रात्र शांततेत गेली. १३ जुलै १९७७ ला त्याच शहरात विजा पडून पुरवठा गेला आणि १,६०० हून जास्त दुकानं फुटली, ३ हजारांवर लोकांना अटक झाली. मग १४ ऑगस्ट २००३ ला पुन्हा अंधार, या वेळी ५ कोटी लोकांना, आणि शहर पुन्हा शांत. माणसं पूल ओलांडत पायी घरी गेली, चौकाचौकांत साधे नागरिक वाहतूक हाकत उभे राहिले.

म्हणजे अंधार तोच, शहर तेच, वागणं वेगळं. १९७७ मध्ये ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, बेकारी होती, वर उन्हाळ्याची रात्र. जे आत साचलेलं होतं ते अंधारात बाहेर आलं. आपल्याकडे ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रिड बसल्या, ६० कोटींहून अधिक लोक ज्या भागात राहतात तो भाग अंधारात गेला. लोकसंख्येच्या मानाने जगातली ही सर्वांत मोठी घटना, पण लुटालुटीसाठी ती कुणाला आठवत नाही. आठवतात त्या रुळांवर थांबलेल्या गाड्या, आणि पूर्वेकडच्या कोळसा खाणींत लिफ्ट बंद पडल्याने खाली अडकलेले २०० च्या आसपास कामगार. ते सुखरूप वर आले.

तर लोक बहुधा शहाण्यासारखं वागतात. मग नुकसान कुठे होतं? आवाज न करणाऱ्या जागी. २००३ च्या त्या शांत न्यूयॉर्कमध्ये नंतर संशोधकांनी मृत्यूंचे आकडे तपासले, तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ९० मृत्यू जास्त निघाले, आणि त्यातले बरेचसे अपघाती नव्हते. बाहेरून सगळं आलबेल दिसत असताना ही माणसं गेली. उकाड्यात जिने चढून थकलेलं हृदय, बंद पडलेलं ऑक्सिजनचं मशीन, हाताशी नसलेलं औषध ही कारणं बातमीत येत नाहीत.

म्हणून मी तासांचा हिशेब करायला सांगतो. पहिला तास गमतीत जातो, सगळे गॅलरीत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मोबाइलची रेंज डळमळते, कारण टॉवरच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि त्याच वेळी सगळे एकमेकांना फोन करत असतात. मग गच्चीवरची टाकी संपते, कारण पंप बंद. पाचव्या तासाला चौथ्या-पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या माणसाचे हाल सुरू होतात. म्हणून तयारी घराची कमी आणि जिन्याची जास्त करा. आपल्या इमारतीत कोण मशीनवर आहे, कोणाला जिना चढता येत नाही, ही चार नावं माहीत असणं हे कुठल्याही साठ्यापेक्षा मोठं काम आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं, विजेवर चालणारं मशीन) असेल तर जोडीला भरलेला सिलिंडर हवाच. इन्सुलिनबद्दल उगाच घाबरू नका. वापरात असलेली बाटली साधारण ३० अंशांखाली बरेच दिवस टिकते, नेमके किती ते पाकिटावर असतं. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा चारेक तास राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो. दार उघडून 'अजून गार आहे का' बघणारे लोकच तो घालवतात.

लिफ्टमध्ये अडकलात तर आतच थांबा. श्वास कोंडत नाही, हवेला फटी असतात. दोन मजल्यांच्या मध्ये दार फाकवून बाहेर उडी मारणाऱ्याचा पाय चुकतो आणि खाली लिफ्टची खोल विहीर असते.

दुसरं, बातमी. २८ एप्रिल २०२५ ला, स्पेनच्या घड्याळात दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी, स्पेन आणि पोर्तुगाल एकदम बंद पडले, तेव्हा लोक सेलवरच्या रेडिओसाठी दुकानांत रांगा लावत होते, गाडीतल्या रेडिओभोवती रस्त्यावर घोळके जमले होते. कार्ड चालेना, खिशात रोकड असलेलाच खरेदी करू शके. आणि बातमी नाही म्हटल्यावर अफवा आली : सायबर हल्ला झाला. पुढे चौकशीत कारण निघालं ते ग्रिडमधल्या व्होल्टेजची बेसुमार वाढ. तेव्हा सेलवरचा रेडिओ, सुट्ट्या नोटा आणि कागदावर लिहिलेले दहा फोन नंबर, एवढं तरी ठेवा. फोन करण्यापेक्षा मेसेज पाठवा, तो कमकुवत रेंजमध्येही कसाबसा सरकतो. मेणबत्ती नको, टॉर्च. मोठ्या अंधारात मेणबत्तीने घरं पेटतात.

महिनाभराचा साठा करून काय करणार? पिण्याचं पाणी, कोरडं खाणं आणि रोजची औषधं तीन दिवसांची असली की झालं. इन्व्हर्टर असेल तर त्याचं गणित एकदा कागदावर करा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. प्रत्यक्षात त्याचे निम्मे ते दोन-तृतीयांश हाती लागतात. एक पंखा, दोन-तीन एलईडी दिवे आणि राउटर मिळून १२० वॅट धरले तर आठ-दहा तास. टीव्ही लावलात की ते भराभर घटतात.

जनरेटरबद्दल मात्र कान धरून सांगतो. घरात, गॅलरीत, बंद गॅरेजमध्ये चालवायचा नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या थंडीत लाइट गेली तेव्हा ऊब मिळवायला लोकांनी बंद जागेत गाड्या आणि जनरेटर चालवले आणि कार्बन मोनॉक्साइडने जीव गमावले. त्या वायूला वास नसतो. आणि जनरेटरची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणारे जे महाभाग असतात, त्यांच्यासाठी एक प्रसंग. आम्ही एक लाइन बंद करून, परमिट देऊन लाइनमनला खांबावर पाठवलं. त्याने सवयीने आधी टेस्टर धरला, आणि मेलेल्या लाइनवर टेस्टर वाजला. कुणाच्या तरी घरातला जनरेटर रोहित्रातून उलटा जाऊन वर ११ हजार व्होल्ट करत होता. टेस्टर न धरता त्याने हात घातला असता तर? जनरेटर घ्यायचाच तर चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) बसवून घ्या, तोही परवानाधारक माणसाकडून.

शेवटचं, जे आमच्याशिवाय कुणी सांगत नाही. पूर्ण ग्रिड बसली की ती एका बटणाने उभी राहत नाही. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप, पंखे आणि कोळशाच्या चक्क्या फिरवायलाच वीज लागते. म्हणून आधी जलविद्युत किंवा गॅस टर्बाइन सुरू करायचं, त्याची वीज मोठ्या केंद्राला न्यायची, आपापल्या विजेवर चालणाऱ्या भागांची छोटी छोटी बेटं उभी करायची, प्रत्येकाची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर आणायची आणि मग बेटं जोडायची. याला तास लागतात. स्पेनला फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आधार मिळूनही बहुतेक पुरवठा यायला दुसरी पहाट उजाडली.

आणि या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला तुमचं घर असतं. अशाच एका दिवशी आठ तासांनी आम्हाला वरून निरोप आला, फीडर घ्या, म्हणजे वस्तीकडे जाणारी लाइन चालू करा. मी ब्रेकर, म्हणजे त्या लाइनचा मोठा स्विच, क्लोज केला. अँपिअरचा काटा सरळ उजवीकडे जाऊन आपटला आणि रिलेने फीडर उडवला. खालच्या रस्त्यावरून 'आली!' आणि लगेच 'गेली!' असा एकच गलका. कारण साधं होतं. लाइट जाताना जे एसी, पंप, फ्रिज चालू होते ते सगळे तसेच 'ऑन' राहिले होते आणि एकाच क्षणी सुरू व्हायला धडपडत होते. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. फोनवर लोक आम्हाला यथेच्छ बोलत होते.

शेवटी लाइनमनने पुढची अर्धी लाइन वेगळी काढली आणि आम्ही रिक्षाला भोंगा लावून फिरवला : मोठी उपकरणं बंद करा, फक्त एक दिवा चालू ठेवा, लाइट आल्यावर पंधरा मिनिटांनी एकेक करून लावा. चौथ्या खेपेला काटा अर्ध्यावर जाऊन थरथरला आणि तिथेच थांबला.