अंकांच्या ओसरीवर : मालगाडीच्या डब्यावरचा अकरा आकडी नंबर

प्रश्न : वरणगावजवळ फाटकापाशी कोळशाची मालगाडी थांबली होती. नातवाने आणि मी एकाच डब्याचा नंबर उतरवून घेतला. माझ्या चिठ्ठीवर २२०१०९२८५४९ आहे, त्याच्या वहीत २२०१०९२८५९४. शेवटचा आकडा तपासणीचा असतो म्हणतात. मग खरा नंबर कोणाचा? आणि ही मूळ संख्या आहे का?
– एक आजोबा, वरणगाव

उत्तर : आजोबा, मूळ संख्येचं आधी सांगून टाकतो. दोन्हींतल्या अंकांची बेरीज ४२ येते, म्हणजे दोन्ही संख्यांना ३ ने भाग जातो. मूळ नाहीत.

आता नंबर. माझे वडील भुसावळच्या याडात नंबर टिपायच्या कामावर होते. थंडीच्या रात्री कंदील घेऊन गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. एक आकडा चुकला की डबा कागदावर भलत्याच गावी जायचा, आणि पहाटे पुन्हा पायपीट. त्यामुळे हा अकरावा आकडा मला फार जवळचा वाटतो.

पहिले दोन अंक डब्याचा प्रकार सांगतात; १० ते २९ म्हणजे उघडे डबे. पुढचे ०१ म्हणजे मध्य रेल्वे, ०९ हे बांधणीचं वर्ष, मग चार अंक त्या डब्याचे स्वतःचे. अकरावा राखणदार. डावीकडून दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा अंक घ्या : २+१+९+८+४ = २४. त्याची तिप्पट ७२. उरलेले एकाआड एक : २+०+०+२+५ = ९. झाले ८१. पुढच्या दशकाला, म्हणजे ९० ला, ९ कमी पडतात. तोच शेवटचा आकडा.

तिप्पटच का? रंग उडून ८ चा ३ दिसला असं धरा. फरक ५ चा. दुप्पट केली असती तर तो १० झाला असता आणि चूक बेमालूम खपली असती. तिप्पट केल्यावर १५ होतो, बेरीज दशकावर बसत नाही, चूक उघडी पडते. ३ आणि १० यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही, म्हणून कुठलाही एकच अंक चुकला तर तो सापडतोच. बिस्किटाच्या पुड्यावरच्या तेरा आकडी बारकोडलाही हाच नियम आहे, नातवाला घरीच करून पाहू द्या.

शेजारचे दोन अंक उलटले की मात्र बेरीज त्यांच्या फरकाच्या दुपटीने हलते. तुमचा ८५ जर ५८ झाला असता तर फरक ३ चा, बेरीज ६ ने हलली असती, पकडला गेला असता. पण ४ आणि ९ मध्ये फरक नेमका ५ चा! दुप्पट १०. तुमच्या नंबराची शेवटच्या आकड्यासकट बेरीज ९०, नातवाची १००. दोन्ही दशकावर. ०-५, १-६, २-७, ३-८, ४-९ या पाच जोड्यांपुढे हा राखणदार आंधळा आहे, आणि तुमच्या हाती नेमकी त्यातलीच एक लागली.

पुस्तकांच्या जुन्या दहा आकडी क्रमांकात १० ऐवजी ११ ने भागायचे. ११ मूळ असल्याने तिथे अशी अदलाबदलही सुटत नसे. पण बाकी १० आली की अंकाच्या जागी एक्स हे अक्षर लिहावं लागे. मला तीच पद्धत जास्त पक्की वाटते.

तेव्हा ४९ की ९४, हे गणित सांगणार नाही. नंबर डब्याच्या दोन्ही अंगांना लिहिलेला असतो. पुन्हा गाडी थांबली तर एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. माझे वडील आणि त्यांचे जोडीदार तसंच करत.