सुई कोरडी का येते? (रक्तविकार: वाचकांचे प्रश्न)

या महिन्याच्या पत्रांतही तोच गोंधळ आहे. पांढऱ्या पेशी रक्तातच तयार होतात, असं बहुतेकांना वाटतं. त्या तयार होतात हाडातल्या मज्जेत, म्हणजे बोन मॅरोमध्ये. तिथे पेशींच्या आजूबाजूला कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशा प्रथिनांचं जाळं असतं. पेशी त्याला धरून वाढतात आणि तयार झाल्या की पकड सोडून रक्तात उतरतात.

रोज कोलॅजन पावडर घेते. डब्यावर ‘इम्युनिटी’ लिहिलंय. मज्जेतलं जाळं बळकट होईल का?

नाही. पोटात गेलेलं कोलॅजन डाळीसारखंच पचतं, त्याच्या तुकड्यांवर मज्जेचा पत्ता लिहिलेला नसतो. पायाचं सूप आवडत असेल तर आवडीनं प्या, औषध म्हणून नको. किडनीचा त्रास असेल तर पावडर आधी डॉक्टरांना दाखवा.

धाकट्या भावाला स्टेम सेल देणार आहे. इंजेक्शनं घेतली की माझी ताकद कायमची जाईल, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांनी कधी दिल्यात का? स्टेम सेल म्हणजे रक्तपेशी जिच्यापासून बनतात ती मूळ पेशी. या मूळ पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाचे हुकासारखे आकडे असतात, त्यांनी त्या फायब्रोनेक्टिनला धरून बसतात. जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनांनी त्यांची पकड सुटते, त्या रक्तात येतात आणि मशीन त्या वेचून घेतं. उरलेल्या पेशी तूट भरून काढतात. त्या दिवसांत कंबर ठणकते, ते अपेक्षितच आहे. मात्र डाव्या बरगडीखाली जोरात दुखलं तर त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना कळवा.

वडील 66 वर्षांचे. वर्षभर अशक्तपणा, लोहाच्या गोळ्या चालू. दोन घासांत पोट भरतं, डावीकडे जड वाटतं. मज्जा काढताना सुईत काहीच आलं नाही. डॉक्टर नवखे होते का? आता हाडाचा तुकडा काढायचा म्हणतात. त्यानं आजार पसरतो असं ऐकलंय.

कुणाकडून ऐकलंत? पसरत नाही.

सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा आणि आत थेंबही चढत नाही, हे आम्ही पुष्कळदा पाहतो. याला ‘ड्राय टॅप’ म्हणतात. कधी मज्जा पेशींनी ठासून भरलेली असते, कधी तंतूंनी. मायलोफायब्रोसिस या आजारात प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी टीजीएफ-बीटासारखे संदेश सोडत राहतात आणि शेजारच्या पेशी तंतू विणत सुटतात. ज्या जाळ्यानं पेशींना आधार द्यायचा, तेच त्यांची जागा खातं. मग मूळ पेशी पांथरीत, म्हणजे डाव्या बरगडीखालच्या प्लीहेत, बिऱ्हाड करतात, पांथरी फुगते, जठर दाबलं जातं आणि दोन घासांत पोट भरतं. रक्ताच्या काचपट्टीवर लाल पेशी अश्रूच्या थेंबासारख्या, एका बाजूला शेपूट काढलेल्या दिसतात.

तंतू किती वाढलेत, हे तुकड्यातच कळतं. जागा बधिर करून, कंबरेच्या मागच्या हाडातून काडीएवढा तुकडा घेतात. चांदीच्या रसायनानं रंगवला की रेटिक्युलिनचे, म्हणजे जाळ्यातले बारीक, तंतू काळे उठून दिसतात. निरोगी माणसात ते तुरळक आणि सुटे असतात. या आजारात दाट, एकमेकांना छेदणारे. त्यावरून 0 ते 3 अशी पायरी ठरते. सोबत जॅक-2 या जनुकात दोष आहे का, याची तपासणी होते. हा दोष 2005 मध्ये सापडला, साधारण निम्म्या रुग्णांत तो असतो.

मला राग येतो तो वडिलांच्या वाया गेलेल्या वर्षाचा. पांथरी हाताला लागत असताना फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, न बघता लोह चालू ठेवणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा. रुक्सोलिटिनिबसारख्या गोळ्यांनी पांथरी उतरते. आजार मुळापासून काढायचा तर मज्जा प्रत्यारोपणच, आणि ते यशस्वी झालं की हेच तंतू हळूहळू विरघळतात. पण वयाबरोबर त्याची जोखीम वाढते, म्हणून उशीर महाग पडतो. वडिलांना हाच आजार आहे असं मी पत्रावरून म्हणणार नाही. क्षयातही मज्जेत तंतू वाढू शकतात. जुने सगळे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट तारखेनुसार लावा आणि याच आठवड्यात रक्तविकारतज्ज्ञांना गाठा.

वय 52. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमसच्या जागी चरबी आहे, असं लिहिलंय. प्रतिकारशक्ती संपली का?

नाही. टी-पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घडवणारी ही ग्रंथी वयात आल्यापासून आटतच जाते. स्कॅन ज्या कारणासाठी काढला होता, त्याचं काय झालं, ते डॉक्टरांना विचारा.