‘समुद्रसपाटी’ किती सपाट?

प्रश्न असा: गोव्यातल्या मिरामारच्या वाळूत उभं राहून फोनवरचं जीपीएस ॲप उघडलं, तर उंची उणे ६२ मीटर! समुद्र तर पायाशी. मग ‘समुद्रसपाटीपासून उंची’ हा शब्द चुकतोय की फोन?

दोघंही बरोबर आहेत. घोटाळा नुसतं ‘उंची’ म्हणण्यात आहे. कशापासून, ते सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जीपीएसला समुद्र ठाऊक नसतो. उपग्रहांपासूनच्या अंतरांवरून ते पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राच्या संदर्भात आपली जागा काढतं आणि डब्ल्यूजीएस ८४ या, पृथ्वीचा आकार म्हणून मानलेल्या गणिती लंबगोलापासूनची उंची देतं. याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर, ध्रुवीय त्रिज्या त्याहून सुमारे २१ किलोमीटर कमी. पाणी मात्र गुरुत्वाचं ऐकतं. भरती-सुकती, वारा, प्रवाह वगळले तर पाणी ज्या पृष्ठावर स्थिरावेल, ते जमिनीखालूनही मनाने पुढे न्यायचं: तो जिऑइड. त्याला उंचवटे आहेत, खळगे आहेत. सर्वांत खोल खळगा श्रीलंकेच्या दक्षिणेला, लंबगोलाच्या सुमारे १०६ मीटर खाली. गोवा त्याच खळग्याच्या उतारावर, साधारण ७० मीटर खाली. फोनच्या उभ्या मापात काही मीटरांची चूक सहज होते, म्हणून ६२.

तेव्हा ‘सपाटी’ म्हणजे सपाट नव्हे, पातळी. जिथे पाण्याला कुठेच उतार सापडत नाही ती. या अर्थाने ‘समुद्रसपाटी’ हा शब्द जिऑइडच्या फार जवळ जातो, बदलायची गरज नाही. ‘सरासरी समुद्रपातळी’ मात्र प्रत्यक्ष मोजलेली गोष्ट. भारतातल्या तलचिन्हांचा (उंची नोंदलेल्या कायम खुणांचा) जुना शून्य १९०९च्या समायोजनात नऊ बंदरांच्या भरतीमापकांवरून ठरला. त्यांतलं कारवार आपल्याला सर्वांत जवळचं.

हिशेब सोपा: समुद्रसपाटीपासूनची उंची = लंबगोलापासूनची उंची वजा जिऑइडची उंची. उणे ६२ वजा (उणे ७०) = ८ मीटर. चुका बहुधा चिन्हाच्या. उण्याचा विसर पडला की उत्तर उणे १३२. काही ॲप आणि रिसीव्हर ही दुरुस्ती आधीच करतात. ती पुन्हा केली तर किनारा ७८ मीटर उंच! म्हणून आकडा कुठल्या शून्यापासून आहे, हे आधी सेटिंगमध्ये पाहावं.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधाला किंवा मानसीला (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराला) तर फोन चालणारच नाही, तिथे वीतभर फरकानेही शेतात खारं पाणी शिरतं. जवळच्या तलचिन्हावर आरटीके रिसीव्हर (सेंटिमीटरांपर्यंत अचूक मोजणारा जीपीएस) ठेवून लंबगोलापासूनची उंची घ्यावी, तीतून तलचिन्हाची नोंदलेली उंची वजा करावी. उरलेला फरक काही किलोमीटरांपुरता वापरता येतो, पण दुसऱ्या टोकाच्या तलचिन्हावर पडताळून. अँटेनाच्या काठीची लांबी वजा करायची राहिली, तर दोन मीटरची चूक निमूट आत येते.

आणि मुरगाव बंदराच्या भरतीच्या कोष्टकातले आकडे? त्यांचा शून्य तिसराच: नौकानयनाच्या नकाशांचा, जवळजवळ नीचतम सुकतीचा, सरासरी समुद्रपातळीच्या मीटरभराहून थोडा अधिक खाली. तिथे ‘२ मीटर भरती’ वाचून बांध २ मीटर ‘समुद्रसपाटीपासून’ मोजू नये.