परकीयद्वेष की परकीयभय? : ‘डिस्ट्रिक्ट ९’च्या निमित्ताने

‘डिस्ट्रिक्ट ९’ या चित्रपटाविषयी लिहिताना ‘झेनोफोबिया’ला परकीयभय म्हणावे की परकीयद्वेष, आणि ‘सेग्रिगेशन’साठी, म्हणजे वंशानुसार माणसांना वेगळे ठेवण्यासाठी, वर्णद्वेष हा शब्द चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘फोबिया’चा ग्रीक मूळ अर्थ भीती असला, तरी मी येथे परकीयद्वेष हाच शब्द वापरीन. नील ब्लोमकॅम्प यांच्या २००९ सालच्या या चित्रपटात जोहान्सबर्गवर येऊन थांबलेल्या यानातील परग्रहवासी झोपडपट्टीत कोंडलेले आहेत, आणि त्यांना तेथून हलवण्याची जबाबदारी मिळालेला विकस हा अधिकारी दारोदार फिरून नोटिशीवर त्यांच्या सह्या घेतो. त्यांची अंडी असलेली एक झोपडी पेटवल्यावर आतून येणारा आवाज मक्याच्या लाह्या फुटाव्यात तसा आहे, असे तो कॅमेऱ्यासमोर मजेने सांगतो. समोरच्याची भीती वाटणारा माणूस असे बोलत नाही. ‘परकीय’ हे पदही येथे चपखल बसते, कारण याच विषयावरच्या आपल्या आधीच्या लघुपटासाठी दिग्दर्शकाने जोहान्सबर्गच्या खऱ्या रहिवाशांना झिम्बाब्वे, नायजेरिया अशा देशांतून आलेल्या स्थलांतरितांविषयी विचारले आणि त्यांची उत्तरे परग्रहवासीयांबद्दलची म्हणून वापरली.

चित्रपटात या परग्रहवासीयांना ‘प्रॉन’ असे हिणवतात. त्याचे भाषांतर ‘कोळंबी’ करू नये. जोहान्सबर्गमध्ये ‘पार्कटाउन प्रॉन’ हे बागांत आणि घरांत शिरणाऱ्या, रातकिड्याच्या जातीतल्या एका मोठ्या किड्याचे नाव आहे, आणि आपल्याकडे कोळंबी हे आवडीचे खाणे असल्यामुळे त्या शब्दात ती किळस उतरतच नाही.

‘सेग्रिगेशन’चा प्रश्न अधिक अवघड आहे. वर्णद्वेष हे भावनेचे नाव झाले. येथे सांगायचे आहे ते कायद्याने आखून दिलेल्या वस्तीविषयी. चित्रपटाचे नाव ज्याची आठवण करून देते तो केपटाउनमधील ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’ हा भाग ‘ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट’ या १९५०च्या कायद्यान्वये ११ फेब्रुवारी १९६६ रोजी केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आला आणि तेथील साठ हजारांहून अधिक लोकांना त्यानंतरच्या वर्षांमध्ये केप फ्लॅट्सच्या माळावर हलवून त्यांची घरे पाडण्यात आली. विलगीकरण म्हटले की करोनापासून आपल्याला रुग्णच आठवतो, आणि पृथक्करण हा शब्द रसायनशास्त्राकडे नेतो. ‘विभक्त मतदारसंघा’मुळे विभक्त हे विशेषण राजकीय अर्थाने मराठीत आधीच रुळलेले असल्याने ‘सक्तीची विभक्त वस्ती’ असे लिहावे, असे मी सुचवतो.

‘गावकुसाबाहेर’ हा आपला शब्द येथे वापरण्याचा मोह होईल, आणि त्यामागची वेदना जवळचीच आहे; परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला गावाने कधी आत राहूच दिले नव्हते, तर ‘डिस्ट्रिक्ट सिक्स’मध्ये वेगवेगळ्या वंशांची आणि धर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत होती आणि मग त्यांना उठवण्यात आले. हा फरक पुसला जाऊ नये, म्हणून मी तो शब्द येथे टाळीन.