नवा मिडी कीबोर्ड घेताना आधी पट्ट्या बघा

प्रश्न : माझा 25 कीजचा मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, मिडी या संदेशांच्या भाषेतून कॉम्प्युटरला किंवा सिंथेसायझरला सूर कळवणारा कीबोर्ड) आता दोन्ही हातांनी वाजवायला अपुरा पडतोय म्हणून मोठा घ्यायचाय. पण नवीन मॉडेल्समध्ये पॅड, लाइट, स्क्रीन वाढत चाललेत आणि पट्ट्या मात्र तशाच खडखडणाऱ्या. नक्की बघू काय?

उत्तर : तुमची तक्रार बहुतेक वाजवणाऱ्यांची आहे आणि ती शंभर टक्के रास्त आहे, कारण बाकी सगळं सॉफ्टवेअरमध्ये मिळतं पण बोटाखालची पट्टी काही अपडेटने सुधारत नाही. प्रत्येक पट्टीखाली बहुतेक वेळा दोन कॉन्टॅक्ट असतात, एक आधी लागतो एक नंतर, आणि मधल्या वेळावरून 1 ते 127 मधली व्हेलॉसिटी, म्हणजे सूर किती मोठा वाजणार तो आकडा, ठरते. म्हणजे मोजला जातो तो वेग, जोर नाही. दुकानात गेलात की पियानोचा आवाज लावा आणि एकच सूर अगदी हळूपासून जोरात वाजवत जा. हलका स्वर निघतच नसेल किंवा मध्येच एकदम उसळी मारत असेल तर व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या कुठल्या वेगाला किती व्हेलॉसिटी द्यायची ते सेटिंग) बदलून बघा, तरी जमेना तर सोडून द्या. मग तीच पट्टी पुढच्या कडेला आणि पार मागे, काळ्या पट्ट्यांच्या मध्ये दाबून बघा, मागे फारच जड लागली तर कॉर्ड वाजवताना बोटं अडखळणार.

दुसरी मागणी आफ्टरटचची, म्हणजे पट्टी दाबल्यावर आणखी दाब दिला की आवाज बदलायचा. बऱ्याच कीबोर्डवर तो सगळ्या सुरांना एकदमच लागू होतो, त्यामुळे कॉर्डमधला वरचा एकच सूर फुलवायचा असेल तर जमत नाही. प्रत्येक पट्टीचा वेगळा दाब पाठवायची सोय मिडीत सुरुवातीपासून, म्हणजे 1983 पासून आहे, आणि तरी ती इतकी वर्षं मोजक्याच कीबोर्डवर दिसली याचं मला खरंच वाईट वाटतं! आता देणारे वाढतायत, बजेटमध्ये बसत असेल तर नक्की घ्या, चार पॅड कमी असले तरी चालतील.

आणि हो, मागची बाजूही बघा. पाच पिनांचा मिडी आउट असला तर कॉम्प्युटर न लावता सिंथ (सिंथेसायझर) वाजवता येतो. पायाने आवाज कमी-जास्त करायच्या एक्स्प्रेशन पेडलचं सॉकेट हवंच. वेगळा ड्रायव्हर न लागणारा कीबोर्ड बघा, नाहीतर कंपनीने ड्रायव्हर अपडेट करणं बंद केलं की चांगलं चाललेलं यंत्र अडगळीत जातं.

प्रश्न : नॉब जरा फिरवला की सॉफ्टवेअरमधला आवाजाचा फिल्टर एकदम उडी मारतो. नॉब खराब आहे का?

उत्तर : नाही हो. नॉब एका जागी आणि सॉफ्टवेअरमधली व्हॅल्यू दुसऱ्या जागी, म्हणून तसं होतं. सेटिंगमध्ये पिकअप मोड शोधा, नॉब त्या व्हॅल्यूपर्यंत पोचेपर्यंत काहीच बदलत नाही. नवीन घेताना गोल गोल फिरत राहणारे एन्कोडर बघा, त्यांना ठरलेली जागाच नसते म्हणून ही भानगड नाही.

प्रश्न : मिडीच्या नव्या आवृत्तीसाठी, म्हणजे मिडी 2.0 साठी थांबू का?

उत्तर : थांबू नका. 2020 मध्ये ते आलं, त्यात व्हेलॉसिटी 16 बिटची आणि कंट्रोलरच्या व्हॅल्यू 32 बिटच्या, त्यामुळे बारकावे खूपच जास्त. पण कीबोर्ड, ऑपरेटिंग सिस्टिम, डॉ (DAW, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आणि सिंथ या सगळ्यांना ते कळलं तरच फायदा, आणि जुन्या मिडीवर चालणारी यंत्रं त्यामुळे बाद होत नाहीत.