वडिलांच्या मानेच्या गाठीत लिम्फोमा, स्टेज ३ निघाला आहे. कितपत आशा धरावी?

मी चोपडा तालुक्यातला, स्वतः लिम्फोमाचा पेशंट, म्हणून लिहितो.

आधी एक सांगतो, स्टेजचा आकडा बघून खचू नका. तोंडाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरचा हिशोब इथे लागू होत नाही. लिम्फोमा हा पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, आणि त्या पेशी मुळातच अंगभर फिरतात. स्टेज ३ म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे गाठी आहेत. स्टेज ४ चे पेशंटही बरे होतात.

खरं महत्त्व प्रकाराला आहे. हॉजकिन की नॉन-हॉजकिन, आणि नॉन-हॉजकिन असेल तर त्यातला कोणता? माझा डिफ्यूज लार्ज बी-सेल, झपाट्याने वाढणारा, तरीही पूर्ण बरा होऊ शकणारा. फॉलिक्युलर मात्र सावकाश चालतो. त्रास नसेल तर त्यात डॉक्टर काही दिवस नुसतं लक्षच ठेवतात. नातेवाइकांना ते पटत नाही, पण ते योग्य असतं.

नुसत्या सुईच्या तपासणीवर समाधान मानू नका. शक्य असेल तर अख्खी गाठ काढून बायोप्सी, आणि त्यावर आयएचसी, म्हणजे लिम्फोमाचा नेमका प्रकार ओळखणारी तपासणी. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी टीबीचा संशय येतो. मलाही टीबीच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, गाठ मात्र वाढतच गेली. रात्री अंथरूण भिजायचं. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? मला तो ऐन थंडीत यायचा. वडिलांना असा घाम, ताप किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मला आर-चॉप, म्हणजे किमोच्या औषधांचा ठरलेला संच दिला, दर २१ दिवसांनी. त्यातल्या लाल औषधाने लघवी लाल होते, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते तापाला. किमोनंतर पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत ताप १००.४ वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गाव लांब असेल तर गाडी आधीच बोलून ठेवा. भेटायला येणाऱ्यांनाही थोडं थांबवा, वाईट वाटलं तरी चालेल.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे उपचार सुरू होण्याआधी विचारा. मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या.